नऊ महिन्यांचा कागद

माझ्या बापाला या बेटानं
नऊ महिने पोटात ठेवलं.
वरचे नऊ दिवस मात्र कधी दिले नाहीत.
ऑक्टोबर संपता संपता बाहेर.
फेब्रुवारीत पुन्हा त्याच हॉटेलच्या मागल्या दारानं आत,
पुन्हा पहिल्यापासून.
असा तो अकरा वेळा जन्मला जर्सीत,
दर वेळी बटाटे सोलत.

मदेराच्या डोंगरात त्याचं गाव.
जिन्याच्या पायरीएवढी शेतं,
पाटाचं पाणी घड्याळ लावून.
"तिथं पाण्याची पाळी असते, इथं माणसांची,"
हा त्याचा एकुलता एक विनोद,
तोही दोन पेले झाल्यावर, आईकडे न बघता.

आई, देओलिंदा, चौथ्या मजल्यावरच्या चादरी बदलायची.
लग्नाची बायको, तरी निजायच्या खोल्या वेगळ्या,
जिनेसुद्धा वेगळे.
म्हणून ती दोघं भेटायची समुद्रात.
इथली ओहोटी तुम्ही पाहिली नसेल:
मैलभर पाणी मागं सरतं,
तळाचे खडक उघडे पडतात, चालत जाता येतं.
भरतीच्या वेळा त्यांना पाठ होत्या,
पाहुण्यांसाठी लावलेल्या तक्त्यावरून.

थोरला सेलियो आजीपाशी राहिला.
मूल आणायची कागदात सोय नव्हती.
बाप म्हणजे एक ऋतू, असं त्याला वाटायचं.
थंडीत येतो, चॉकलेटं आणतो,
रताळी काढून झाली की जातो.
एकदा आजोबांच्या मयताला तो जूनमध्ये आला,
तर पोर दाराआड लपलं.
"अजून थंडी कुठं पडलीय?"

कायदा सैल झाल्यावर मी झाले.
नऊ महिने नऊ दिवस,
आई म्हणते, व्याजासकट.
आठव्या वर्षी मी तिची दुभाषी.
दवाखान्यात डॉक्टर तीन मिनिटं बोलले,
मी तिला तीन शब्द सांगितले.
उरलेले अजून माझ्याकडेच आहेत.

बाप गेला तेव्हा बिस्किटांच्या डब्यात
अकरा कागद निघाले, रबर लावून ठेवलेले.
प्रत्येकावर आडनाव चुकलेलं,
आणि चूक दर वर्षी नवी.
बरोबर लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं
ते थडग्याच्या दगडावर.
पाथरवटाला दोनदा वाचून दाखवायला लावलं होतं.

आता मी त्याच कचेरीत बसते,
काचेच्या या बाजूला.
काल एक जण आला, मोंबासाकडचा,
बटाट्याच्या कामाला.
लग्न? झालंय. मुलं? एक, आईकडे ठेवलंय.
मुदत आधीच छापलेली असते.
मी त्याचं नाव विचारलं,
मग एकेक अक्षर,
मग पुन्हा पहिल्यापासून.

तो घाबरला.
कागदात काही चूक निघाली, असं वाटलं असेल.
काचेवर त्याच्या श्वासाचा डाग उमटला.
मी शिक्का मारला
आणि पुढच्याला हाक दिली.