हातचा

शहाद्याला प्लॉट घेतला तेव्हा सगळे म्हणाले,
सर, विटा गोमाईकाठच्या घ्या, लाल येतात.
तीन भट्ट्या फिरलो, चौथीवर घासाघीस केली,
साडेसहावरून सहावर आणलं नथूशेठला.
पन्नास पैसे.
अठरा हजार विटा, म्हणजे नऊ हजार रुपये;
हिशेब तोंडी केला, मास्तरच मी.
"तुम्हले म्हनीसन देस, सर, दुसराले नई,"
शेठ म्हणाला, आणि मला बरं वाटलं.
ते पन्नास पैसे कुणाच्या खिशातून निघाले
हे विचारायचं सुचलं नाही.
मला वाटलं, शेठच्याच.

ट्रॅक्टर भरत होते.
पाठीमागे कुणीतरी विटा मोजत होतं,
पावरीत नव्हे, शाळेच्या मराठीत,
माझ्याच सुरात, प्रत्येक दहाला जरा थांबून.
वळलो तर वेस्ती.
वेस्ती जुगला पावरा, इयत्ता चौथी,
जिच्या नावापुढे दिवाळीपासून
मी लाल शाईने लिहीत आलो: स्थलांतरित.
चांगला शब्द आहे. पाखरांनाही चालतो.

हात गाऱ्याने भरलेले,
म्हणून तिने नमस्ते केलं मनगटं जोडून.

शेठ फोनवर होता तेवढ्यात जुगला बोलला,
खाली बघत, साच्याची कड पुसत.
श्रावणात उचल घेतली, चाळीस हजार,
म्हातारीच्या दवाखान्यासाठी.
हजारामागे चारशे लिहितात.
फुटलेली वीट धरत नाहीत,
अवकाळीत विरघळली तीही नाही.
आठवड्याची खर्ची उचलीत मिळवतात.
होळीला वर जायचं होतं, ढोल तसाच टांगलेला.
मुकादम म्हणाला, जा की, बायको-पोर ठेवून जा.
सातपुड्यावर होळी पेटली त्या रात्री
हे तिघं भट्टीच्या धगीला बसून होते.
विस्तव दोन्हीकडे सारखाच,
असं तो म्हणाला नाही.
ते मला सुचलं, मोटरसायकलवर, घरी येताना,
आणि सुचल्याची लाज वाटली.

निघताना वेस्ती म्हणाली,
सर, मुनीमकाका हातचा कधीच विसरत नाहीत.
मीच शिकवलं होतं तिला, खडू मोडेपर्यंत:
नऊ आणि चार तेरा, तीन मांडा,
हातचा एक, तो पुढच्या घरात न्या.
पुढच्या घरात.

पुढचं घर मेपर्यंत उभं राहिलं.
गिलावा झाला, विटा दिसेनाशा झाल्या.
वाचलेल्या पैशांत बाथरूमला फरशा बसल्या, आकाशी.
शोभाने आणि मी तासभर निवडल्या,
डाग कोणत्या रंगावर दिसणार नाही ते बघत.

मृगाआधी एकदा गेलोही होतो,
नऊ हजार पाकिटात घालून.
भट्टी विझलेली, झोपड्यांच्या जागी नुसती राख,
मुकादमाने कुठल्या टेम्पोत कुठे नेलं, ठाऊक नाही.
शेठने पाकीट पाहिलं, मग मला,
"सर, हाई कोणता खातामा लिखू?"
गणिताचा मास्तर, मला खातं सांगता येईना.
पाकीट परत आणलं.
पुढे ते कशात खर्च झालं, तेही आठवत नाही.

यंदा हजेरीपट नवा आहे.
पाचवीच्या वर्गात सतरावं नाव वाचतो,
थांबतो, अठरावं वाचतो.

कंपाउंडची भिंत तेवढी राहिली, चार हजार विटा.
परवा शेठचा फोन आला,
जुनं गिऱ्हाईक, दर मागचाच.
मी विचारलं, थापणाऱ्याला हजारामागे किती?
रेंज नसावी, किंवा ऐकू गेलं असावं.
"पोच धरीसन, सर," तो म्हणाला,
"ट्रॅक्टर दारमा खाली करी देस."