सहा व्होल्टचा आवाज

राजदूत दिवाळ्याहून टेम्पोत आडवी पडून आली,
मासळीच्या टोपल्यांचे हुक दोन्ही बाजूंना तसेच.
साडेसहा हजार.
जोमा कोळ्याने नोटा मोजल्या नाहीत,
टाकीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला,
"भोंगा नको बदलूस गो बाय.
बाकी काय कराचा त्ये कर."

कोपरखैरण्यात आमच्या दारात जागा ती किती?
गाडी उभी केली की माणसाने तिरकं व्हायचं.
मडगार्ड काढलं तर आतून गंज सांडला,
गंज आणि मीठ, कुठलं काय ते निवडता येईना.
सीटखाली खवले चिकटलेले, अभ्रकासारखे.
शेजारच्या गव्हाणे वहिनी म्हणाल्या, वास येतो.
येतो.
डिझेलने धुतली, साबणाने धुतली, लिंबं चोळली,
तरी दुपारचं ऊन पडलं की बांगडा हजर.

एकोणीस वर्षं मी रबाळ्याला मोटारी भरल्या.
भरल्या म्हणजे तांब्याने.
पंपाच्या, पंख्यांच्या, एकदा एका लिफ्टची.
कंपनी गुजरातला गेली,
बोटं इथेच राहिली.
म्हणून मॅग्नेटो उघडताना कुणाला विचारलं नाही.
जुनी गुंडाळी मोजत सोडवली: एकशे दहा.
सहाचे बारा करायचे तर वेढे दुप्पट, तार बारीक,
आणि मध्ये कुणी हाक मारायची नाही.
उर्मीने एकशे चौऱ्याण्णवला हाक मारली,
"आई, याच्यावर फोन चार्ज होईल ना गं?"

पुन्हा एकपासून.

वार्निश सुकवायला कॉइल तव्यावर, वर पातेलं पालथं.
त्या रात्री पोळ्या उशिरा झाल्या
आणि पहिल्या दोन कुणी खाल्ल्या नाहीत.

चार महिने. रविवारचे फक्त.
मग एका संध्याकाळी दिवा लागला
आणि थेट सेक्टरच्या पाटीपर्यंत गेला,
पाटीखालचे दोघं दचकून लांब बसले.
बॅटरी बाराची, बल्ब बाराचे, उर्मीचा चार्जर बाराचा.
भोंगा एकटा सहाचा.
थेट जोडला तर दोन दिवसांत जळणार.
"दीडशेला नवा मिळतो," उर्मी म्हणाली.
"तो जोमा काय तपासायला येणारे?" गव्हाणे वहिनी.
बरोबर आहे. नाही येणार.

माळ्यावर सासूबाईंची इस्त्री होती, बिघडलेली.
तिच्यातली तार काढली, बोटभर बोटभर तोडत
भोंग्याच्या वाटेत बसवली,
म्हणजे वरचे सहा तिने तापून पचवायचे
आणि उरलेले सहा त्याला.
दोनदा नुसता गुरगुरला.
तिसऱ्यांदा बोलला:
म्हशीला पाणी पिताना ठसका लागावा तसा.
पाटीखालचे दोघं हसले.
मी नाही.

रविवारी पहाटे पाम बीचवरून दिवाळ्याला गेले,
घरात न सांगता.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
कोणी तपासायला येणार नव्हतं,
म्हणून मीच गेले असेन.
जेट्टीवर कुणी नव्हतं. होड्या यायच्या होत्या.
ओल्या जाळ्यांचा ढीग, एक बल्ब, चिखलाचा वास.
भोंगा वाजवला. एकदाच.

आधी पत्र्यावरून एक उतरलं.
जाळ्यांखालून दोन.
मग बर्फाच्या पेटीमागून, पायरीवरून, कुणाच्या तरी ओट्यावरून,
सगळ्यांच्या पुढे घुसत एक कानतुटका बोका.
अकरा. मोजायची सवय जात नाही.
चाकांभोवती बसली
आणि रिकाम्या हुकांकडे मान वर करून बघू लागली.

हे तो बोलला नव्हता.

माझ्याकडे एक पान्हा, एक फडकं, सुटे वीस रुपये.
दुकानांची शटरं खाली.
बोक्याने माझ्या चपलेवर पंजा ठेवला.
मी गाडी हळूच मागे ढकलायला लागले,
तेवढ्यात वरच्या खिडकीतून झोपेतला आवाज आला,
"वाजवलास ना?
मंग आता दे त्याना."