चौथी तबकडी

फोनवरच्या बाईने तीनदा विचारलं, का बंद करताय?
आर्विद म्हणाला, हिवाळा आहे.
तिला कळलं नाही. तिचा आवाज
कुठल्यातरी उन्हाच्या गावातून येत असावा.
सहा महिने अर्ध्या दरात देते म्हणाली,
वर कुस्तीची वाहिनी फुकट.
हा नुसता बूट घासत राहिला पायपुसण्यावर,
कारखान्याने घरी बसवल्यापासून
कुठल्याही प्रश्नावर घासतो तसा.

डबा परत केला, किराणाच्या कागदी पिशवीत घालून.
टेबलावरच्या धुळीत उरला एक स्वच्छ चौकोन,
तो मी आठवडाभर पुसला नाही.

दोनशे चाळीस वाहिन्या होत्या.
आठवून पाहिलं तर बघत होतो चारच.
बाकीच्या नुसत्या असायच्या,
पाहुणे आले तर म्हणून ठेवलेल्या
जास्तीच्या ताटांसारख्या.

चर्चच्या जुन्या बाजारातून चार डॉलरला
दोन शिंगांचा अँटेना आणला, एक शिंग वाकडं.
डुलुथच्या टेकडीवर आमचं घर, खाली सरोवर.
खनिजाचं जहाज कालव्यात शिरलं की
बातम्या देणारीचे चौकोनी तुकडे व्हायचे,
आणि जहाज गेलं की ती पुन्हा जुळायची
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.
मग शोध लागला, तोइवो खिडकीशी उभा राहिला,
डावा हात पडद्याच्या दांडीला लावून,
तर चित्र थरथरतसुद्धा नाही.
नऊ वर्षांचं पोर,
साऱ्या घरात आपण एकटेच कामावर आहोत
अशा ऐटीत उभं.

आर्विदने ते पाहिलं.
दुसऱ्या दिवशी बर्फातच छपरावर चढला,
अँटेना धुराड्याला बांधून आला.
तोइवो दोन दिवस जेवताना बोलला नाही.
त्याचीही नोकरी गेली होती.

शुक्रवारी वाचनालयातून तबकड्या आणायच्या.
आमची लाडकी मालिका: माळरानावरची जनावरांची डॉक्टरीण,
तिचा तीन पायांचा कुत्रा,
आणि तिच्यावर जीव असून
दारात आल्यावर भलतंच बोलणारा पोस्टमन.
चौथ्या तबकडीत, रात्र, वादळ, त्याने दार वाजवलं,
तिने उघडलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं,
आणि थिजली.
आर्विदने तबकडी शर्टाला पुसली, फुंकर मारली,
दिव्यासमोर धरली.
ओरखडा काठापासून थेट मध्यापर्यंत.

तेव्हा सिग्ने,
स्केटिंगचा वर्ग सुटल्यापासून
बापाशी हो-नाहीपलीकडे न बोललेली सिग्ने,
पडद्यावरची नजर न काढता
डॉक्टरणीच्या आवाजात म्हणाली,
"आत या. चहा आहे. साखर संपलीय."

कुणीच हललं नाही.
मग आर्विदने घसा खाकरला.
"साखरच आणलीय," म्हणाला, "मी दुसरं कशाला येईन."

तोइवो लगेच तीन पायांवर.
मला गाय दिली, आजारी.
रात्री अकरापर्यंत मी गालिच्यावर हंबरत होते.

मार्चमध्ये वाचनालयाने नवी तबकडी मागवली.
पाहिली. पोस्टमन पावसात लांबलचक काही बोलतो,
व्हायोलिनं वाजतात. कुत्रा त्यात नाहीच.
"चुकलंय त्यांचं," सिग्ने म्हणाली.
आर्विदने मान डोलावली,
कारखान्यात सदोष माल बाजूला काढताना
डोलवायचा तशी.

कंपनीचं पत्र आलं, तुमची उणीव भासते, मोठ्या अक्षरांत.
चार घड्या घालून टेबलाच्या पायाखाली सारलं.
आता डुगडुगत नाही.

मेमध्ये, एका संध्याकाळी, तिसऱ्या मुलाखतीहून येऊन
आर्विदने खिशात किल्ली असताना दार वाजवलं.
सिग्ने वहीतून मान वर न काढता ओरडली,
"साखर आणलीय का?"

बाहेर थोडा वेळ काहीच नाही.
मी गॅस बारीक केला.