पासिंग नऊचं

जिंतूरहून निघालो तेव्हा गाडीत चौदा.
पासिंग नऊचं.
टपावर दोन शेळ्या आणि मुंजाजी,
तो भाड्यात धरत नाही.

माझ्या सीटवर माझं अर्धंच अंग.
उरलेल्या अर्ध्यात केसरबाई,
परभणीला मोतीबिंदू काढायला निघालेल्या.
गिअर टाकायचा तर त्यांच्या गुडघ्याला विचारून.

बोरीच्या अलीकडं नाका.
सायबानं आत डोकावून पाहिलं,
सगळी तोंडं पाहिली, शेळ्या पाहिल्या,
म्हणाला, "बेल्ट कुठंय?"

ओढला पट्टा.
माझ्यावरून, केसरबाईवरून,
त्यांच्या पिशवीतल्या भाकरीवरून.
खटका बसला.
"हां. जाय."

मागून यष्टी आली, दारापर्यंत माणसं उभी.
तिला नुसता हात.
तिच्यामागं पांढरी कार, आत एकटा माणूस,
बिनपट्ट्याचा.
त्याला घेतलं बाजूला.

"ह्यो कामून बांधला रं?"
"दंड पडू नये म्हणून, मावशी."
"आन् आपुन पडलो तर?"
"त्याचं कलम वेगळंय."
"मागल्याईला नाही का बांधायचा?"

आता काय सांगू.
नवाच्या पुढची माणसं कागदावर नाहीत.
जे नाहीतच
त्यांना कायदा बांधणार कुठून?

परभणीत, दवाखान्यापाशी,
पट्टा विसरून केसरबाई उठल्या
आणि दोघंही सीटवर आदळलो.
गाडी उभी होती.
एवढ्या वाटेत पट्टा कामाला आला तो तेव्हाच.

मागं कुणीतरी खळखळून हसलं.
तेरावा असावा.