काना

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर बसतो.
डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू,
मधे शिक्क्याचा पॅड आणि पेलाभर पाणी.
रडत आलेल्याला आधी पाणी द्यायचं,
हे मला फैजपूरच्या उन्हानं शिकवलं.

फॉर्मात सगळ्याला रकाना आहे:
वय, कारण, धंदा, तंबाखू खात होते का.
मागं कोण राहिलं, त्याला नाही.
म्हणून जुन्या पावतीच्या पाठीवर
पोरांची नावं लिहून घेतो, वय, शाळा,
आणि घरी जाताना ती पावती
कुमुदताई भंगाळेंच्या दाराखालून आत सरकवतो.

कुमुदताई निवृत्त नर्सबाई.
दहाव्याला जात नाहीत, तेराव्याला जात नाहीत.
महिन्यानं जातात,
पाव्हणे परतल्यावर,
घरात नुसता पंखा बोलत असतो तेव्हा.

शनिवारी दुपारी संघाच्या रिकाम्या गोडाऊनात
सतरंजी पडते. भिंतींना अजून सरकीचा वास.
इथं कुणी कुणाला शहाण्यासारखं वाग म्हणत नाही.
हर्षाली आईचा आवाज काढते,
"ए पोरी, गच्चीवरचे कपडे आण!"
सगळी हसतात, मग सगळी एकदम गप्प.
शरीफ तडवीच्या खिशात बापाच्या घड्याळाचा पट्टा असतो,
घड्याळ नसतं.
मागच्या अंगणात आया पऱ्हाटीवर वांगी भाजतात,
आणि सोपान सरोदे, त्यांच्यातला एकटा बाप,
लेकीची वेणी घालायला शिकतो.
पहिली बैलाच्या कासऱ्यासारखी झाली होती.
पोरगी तीच घालून शाळेत गेली.

हितेश फिरके पाच शनिवार बोलला नाही.
सुतळीला गाठी मारायचा, सोडायचा.
बाप वजनकाट्यावर बसल्या जागी गेलेला,
केळीची पावती हातात.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत टेबलाशी आला.
दाखला आठ घड्या घालून आणलेला.
"काका, हा भगवत कोण?"
पाहिलं. भागवतचा काना राहिला होता.
माझ्याच हातून.
म्हटलं, चूक झाली बेटा, आईला अर्ज द्यायला सांग,
दुरुस्त करून देतो.
त्यानं कागद हिसकून घेतला.
"नको. भगवत मेला ना? मंग मरू द्या त्याले.
माझे पप्पा भागवत आहेत."

अठरा वर्षं झाली या खुर्चीत.
दुरुस्तीला कुणी नको म्हटल्याचं आठवत नाही.
कुमुदताईंना सांगितलं.
त्या बराच वेळ चहा फुंकत राहिल्या,
म्हणाल्या, "काना कुठं पळून जात नाही."
त्याची आई विम्याच्या ऑफिसातून दोनदा परत आली,
नाव जुळत नाही म्हणून.
पोराला काही बोलली नाही.

मग आखाजी आली.
गोडाऊनात कोऱ्या घागरी मांडल्या,
ज्याची त्यानं भरायची.
शरीफच्या घरी ही रीत नाही,
त्यानंही भरली, खरबूज जरा तिरकं बसलं.
सांजोऱ्यांवर माशा, ओल्या मातीचा वास,
बाहेर निंबाच्या फांदीला
माहेरी आलेल्या पोरींचा झोका करकरत होता.
कुमुदताई म्हणाल्या, नाव लिहा, खडूनं.

हितेशनं लिहिलं: भ, ग, व, त.
मी खांबाआड झालो.
खडू त्याच्या हातातच राहिला.
झोका आला, गेला. आला, गेला.
मग घागरीच्या घामेजल्या पोटावर
भ आणि गच्या अडचणीत
त्यानं एक रेघ ओढली,
वरून खाली, सावकाश.
पाझरात ती विरायला लागली.
त्यानं परत ओढली.

सोमवारी आईबरोबर आला. अर्ज तिच्या हातात.
मी पेला पुढं सरकवला.
तो म्हणाला,
"आधी लिहा."