त्रेचाळीस नंबरचा संबळ

गोलाणी मार्केट, दुसरा मजला.
काचेवर दोन ऑक्टोपॅड शेजारी शेजारी.
नव्यात आवाज सहाशे सत्तर.
जुना अमळनेरच्या कुठल्या ऑर्केस्ट्राचा,
चौथ्या पॅडला खळगा, कडेला वाळलेली हळद.

हेडफोन लावून नव्यावर
त्रेचाळीस नंबर दाबला: संबळ.
स्वच्छ. आंघोळ घालून बसवलेला.
सुपडूआप्पा वाजवतात तेव्हा
वादीची करकर येते, मधेच खोकला येतो,
मे महिन्यात भर दुपारी कातडं चढतं
आणि सनईवाला शिव्या घालतो.
इथे काहीच चढत नाही.

"एक्केचाळीस हजार," दुकानदार म्हणाला,
"आणि हा जेवत नाही."

खरंय. जेवत नाही.
चोपड्याच्या लग्नात शेवटची पंगत उठली
तेव्हा आम्हा तिघांना गार वरण, बट्ट्या संपलेल्या.
हा उचलही मागणार नाही,
टेम्पोत मागे झोपून
ढोलावर पाय टाकणार नाही.

मग जुना चालू केला.
चौथा पॅड जरा उशिरा बोलतो,
हाक ऐकूनही न ऐकल्यासारखं करणाऱ्या माणसागत.
दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा
तो उशीर धरूनच मारलं,
ठेका बसला.

मोबाइलची काच बदलायला आलेली पोरगी
टक लावून बघत होती.
तिला आवाज येत नव्हता,
नुसता एक माणूस रबर बडवताना दिसत होता.

पाचशे रुपये इसार दिला.
"कोणत्यावर लिहू?"
म्हटलं, जागा मोकळी ठेव,
सोमवारी आप्पांना घेऊन येतो.

आले तर
दोन्ही उलटेपालटे करून बघतील
आणि विचारतील,
"कातडं कोठे शे रे याले?"