हेड उघडण्याआधी

साबिरबेकनं डिपस्टिक ओढून काढली
आणि न पुसताच माझ्या नाकासमोर धरली.
ऑइल कसलं, दुधाळ चहा होता तो,
वर साय धरलेला.
"पाणी शिरलंय. गॅस्केट गेलं.
हेडही वाकलं असेल.
ऐंशी हजार सोम धरून चाला.
गाडीचे कुणी साठ देईल, तेही टायर बघून."

मग तो गप्प बसला.
ते गप्प बसणं माझ्या ओळखीचं.
माझंच आहे ते.
एकवीस वर्षं मी नारीनच्या वरच्या कुरणांवर
अशीच गप्प बसत आलेय,
मेंढीच्या तापलेल्या कासेवरून हात काढून,
मालक माझ्या तोंडाकडे बघत असताना.
औषधं बारा हजारांची, मेंढी नऊची.
कापा, असं मी कधीच म्हणत नाही.
"बघा, जनावर तुमचं," एवढंच म्हणते,
आणि कुणीतरी पोराला सुरी आणायला पाठवतं.

ऑडी आहे, नव्वद सालची.
अलमाज येकातेरिनबुर्गला कामाला गेला
तेव्हा किल्ली माझ्या गमबुटात टाकून गेला.
हातात दिली असती तर आधी कोण रडलं असतं,
मी की तो, हे अजून ठरलेलं नाही.
हिच्या मागच्या सीटवर दोन वासरं बसलीत,
एक शिंगरू,
लांडग्याचं म्हणून कुणी दिलेलं कुत्र्याचं पिल्लू,
आणि दोलोनच्या घाटात, बर्फात,
शेजारणीची झिबेक इथंच जन्मली,
मी माणसांची डॉक्टर नाही, असं मी ओरडत असताना.
डाग गेला नाही. वर सतरंजी टाकली.

आयझिरेक बिश्केकहून फोटो पाठवते:
होंडा फिट, उजव्या स्टिअरिंगची, निळी,
जपानहून नुकती उतरलेली, आत अजून प्लास्टिक.
"आई, मुंगीएवढं पेट्रोल पिते.
हप्ता मी भरीन अर्धा."
बरोबर आहे पोरीचं.
फक्त फिटचं पोट जमिनीला लागतं,
आणि माझे पेशंट रस्त्यावर राहत नाहीत.

सारखा ओसमोनकुल आठवतोय.
अठरा वर्षांची घोडी, पोटात पीळ,
मी बोटांवर सगळा हिशोब मांडला.
म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकला.
"हिशोब बरोबर आहे, डॉक्टर.
आता सुई काढा."
परतताना याच गाडीत मी त्याला हसले होते,
मोठ्यानं, एकटीच.
घोडी नवव्या दिवशी मेली.
त्यानं पैसे पुरते दिले, वर कुरुतची पिशवी.
मी त्याच्या तोंडावर पस्तावा शोधला.
दिसला नाही, किंवा मला वाचता आला नाही.
जनावराचं तोंड वाचणं सोपं असतं.

यातून शिकायचं काय?
काही नाही. घोडी मेलीच ना.

"साबिरबेक," मी विचारलं,
"अजून एक वेत होईल का हिचं?"
तो हसला. त्याच्याही घरी मेंढ्या आहेत.
"उघडल्याशिवाय कसं सांगू?"
हेही वाक्य माझंच.
"मग उघड. हेड तेवढं उघड.
उघडण्याचे पैसे देते. पुढचं पुढं."

कंटेनरमध्ये दिवस लवकर मावळतो.
त्यानं टॉर्च माझ्या हातात दिला,
माझं मनगट धरून उजेड नेमका जागेवर आणला.
"इथं. हलवू नका."
किती पोरांना मी असं दटावलंय,
किती रात्री, तंबूच्या दाराशी,
कंदील धरून उभ्या राहिलेल्यांना,
आणि ते का थरथरतात
याचा मला नेहमी राग यायचा.

पहिला बोल्ट कण्हला.
उजेड हलला.
"डॉक्टर," तो म्हणाला, वर न बघता.